अडीच तारे

चार तारे दिले तर मुलीच्या लग्नाला अख्खी वाडी राबणार. कमी दिले तर काय होणार, ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी महाडच्या एसटी स्टँडसमोर उभा राहून भरत पार्टे हा हिशोब मांडत होता आणि त्याच्या डोक्यावर, दोन खांबांना ताणून बांधलेल्या बॅनरवर, उत्तर आधीच छापून आलं होतं. 'सातविणीखाली. आपल्या खडपवाडीच्या मातीतला सिनेमा. सुप्रसिद्ध समीक्षक भरत पार्टे यांच्याकडून चार तारे.' बाजूला भरतचा फोटो, मेव्हण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

सिनेमा दुपारी लागायचा होता. भरतनं तो पाहिलेला नव्हता.

"कसा झालाय?" पाठीमागून मालोजीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"पिच्चर?"

"बॅनर रे!"

मालोजी भावकीतला, भरतपेक्षा वयानं मोठा. मुंबईत कुरियरचा धंदा, आणि खडपवाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात वसलेल्या या वाडीचे निर्णय देवळापुढच्या बैठकीत होतात, असं वाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटतं. ते होतात मालोजीच्या गोडाऊनमध्ये, रविवारी, वडापाव खाता खाता. हा सिनेमाही तिथंच ठरला. दिग्दर्शक मालोजीचा पुतण्या यशराज. पैसा मंडळातल्या प्रत्येक घराचा.

"दादा, मी अजून बघितला नाय. आणि तुम्ही तारे छापून मोकळे."

"मग आज बघशील की. तुझं तिकीट काढलंय."

"विचारायचं तरी एकदा."

"पत्रिकेवर 'आपले विनीत' म्हणून नावं छापतो, तवा एकेकाच्या दारात जाऊन विचारतो काय? घरच्या माणसाला विचारलं म्हंजे त्याला परका केला." मालोजीनं बॅनरचा सैल झालेला कोपरा ओढून सारखा केला. "आणि पाच नाय छापले मुद्दाम. लोकांना डाऊट येतो."

भरत बॅनरवरच्या आपल्या फेट्याकडे बघत राहिला. तेव्हा मालोजीनं, सहज आठवल्यासारखं, पुढचं काढलं.

"अक्षदाचं लगीन पुढल्या आठवड्यात ना? गावकीची भांडी घासून ठेवायला सांगितलीत. पोरं पाणी भरतील, बाया चुलीवर बसतील. तू आपला पाव्हण्यासारखा ये नि अक्षता टाक. टेन्शन नाय घ्यायचं."

गोडीनं सांगितलं. पण खडपवाडीत वाढलेल्या माणसाला असल्या गोडीचं वजन कळतं. वाडीत लग्न घरचं नसतं, गावकीचं असतं. मोठे टोप, काहिली, सतरंज्या गावकीच्या मालकीच्या. मांडवाचे वासे पोरं आणतात. मे महिन्यात वरचा झरा आटतो, तेव्हा खालच्या विहिरीवरून हंडे आणणाऱ्या बायांची रांग लागते, आणि त्या रांगेत नवरीच्या आईला कोणी उभं राहू देत नाही. भरतच्या आईनं, राहीबाईनं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात हे सगळं केलं होतं. आता तिच्या नातीची पाळी होती. म्हातारीनं महाडच्या हॉलला साफ नकार दिला होता: "मी वाडीभर राबले ती काय हॉलमधी जेवायला?"

भरत एसटीत वाहतूक नियंत्रक. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायच्या, कंडक्टरांच्या तक्रारी ऐकायच्या, 'पोलादपूर-कापडे गाडी कधी' या प्रश्नाला दिवसातून असंख्य वेळा तेच उत्तर द्यायचं. फक्त शुक्रवारी तो साप्ताहिक सुट्टी घ्यायचा आणि दुपारी टॉकीजात पहिला खेळ बघायचा. संध्याकाळच्या आत फोनवर त्याचा व्हिडिओ यायचा. अक्षदा फोन धरायची, भरत गॅलरीत खुर्चीवर बसून बोलायचा, गाडी पुकारावी तसा, स्पष्ट, एकदाच. महाड, माणगाव, खेडपर्यंतचे लोक तो बघायचे. टॉकीजचा मॅनेजर तर त्याचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय दुसऱ्या आठवड्याचे खेळ ठरवायचा नाही.

पुण्यामुंबईचे समीक्षक तारे कसे देतात कुणास ठाऊक. भरतची रीत ठरलेली होती. एक तारा गोष्टीला. एक माणसांना, म्हणजे कामं करणाऱ्यांना. एक बोलण्याला. एक गाण्या-बाजाला. हे चार तो स्वतः द्यायचा, कापून, अर्धे करून, जसे जमतील तसे. पाचवा मात्र त्याच्या हातात नव्हता. खेळ सुटला की तो समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा, टॉकीजकडे पाठ करून. बाहेर पडलेली माणसं चहा सांगतात. चहा हातात येईपर्यंत ती सिनेमाबद्दल बोलत असतील, शिव्या घालत का होईना, तर पाचवा तारा पक्का. विषय बदललेला असेल तर गेला. अर्धा नाही, पाव नाही. भरतनं स्वतः कोणाला काही विचारायचं नाही, हा त्यातला नियम.

"सिनेमा अंधारात सगळ्यांनाच आवडतो," असं तो म्हणायचा. "उजेडात काय उरतं ते बघायचं."

दुपारी खडपवाडी टेम्पो भरभरून उतरली. मुंबईकर मंडळी आदल्या दिवशीच वीर स्टेशनवर उतरून रिक्षांनी आली होती. हलगी वाजली, नारळ फुटला. यशराज दारात उभा राहून प्रत्येकाच्या पाया पडत होता. पोरगा वाईट नव्हता. दाढी वाढवलेली, डोळे झोपेविना लाल. भरतच्या पायाशी वाकला तेव्हा नुसतं "काका" म्हणाला, बॅनरचं काही बोलला नाही. त्यामुळे भरतला जास्तच अवघड झालं.

भरत नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला.

सिनेमा वाईट असता तर बरं झालं असतं. रद्दड सिनेमाला नाही म्हणताना माणसाला शूर वाटतं. हा तसा नव्हता. मुंबईचा पोरगा गावी येतो, बंद पडणारी शाळा वाचवतो, मास्तरांच्या मुलीशी लग्न करतो. मधल्या वेळात वाडीवरून ड्रोन फिरतो. ड्रोन फिरला की थेटरात शिट्ट्या. पुन्हा फिरतो, पुन्हा शिट्ट्या. चौथ्यांदा फिरला तेव्हा भरतनं डोळे चोळले.

गोष्टीला त्यानं मनात अर्धा तारा मांडला. बोलण्याला अर्धा, कारण नायक महाडचं नव्हे, मालिकेतलं बोलत होता. बाजाला अर्धा. आणि माणसांना पूर्ण एक, तो एकट्या चांगूमुळे. चांगू वाडीतला धनगर गडी; गुरं राखतो. सिनेमातही त्यानं गुरंच राखली. पण शाळा बंद झाल्याचं त्याला कोणीतरी सांगतं, तेव्हा तो वळून पोरांकडे बघत नाही, हातातली काठी तेवढी दुसऱ्या हातात घेतो. भरत खुर्चीत पुढे सरकला होता तो तेवढ्या एका क्षणाला.

अडीच झाले. दिवे लागले. अडीच अधिक पाचवा, साडेतीन. साडेतीनला बॅनरच्या चाराशी जोडून घेता आलं असतं. अर्ध्या ताऱ्याला मालोजी रुसला असता, पण भांडी दिली असती. आता सगळं टपरीवर होतं.

तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला आणि टपरीपाशी पाठ करून उभा राहिला. कधी नव्हे ते त्याला वाटलं, देवा, बोला रे काहीतरी.

खडपवाडी बाहेर आली. चहा सांगितला गेला.

"माझं दार दिसलं काय रे?"

"दार नाय, तुझी संडासाची टाकी दिसली!"

हशा.

"आमची म्हैस दोनदा आली. पहिल्या ड्रोनला नि तिसऱ्या."

"मालोजीशेटचा बंगला तेवढा प्रत्येक टायमाला. बरोबरच हाय, त्याचाच ड्रोन."

भरत मान न वळवता ऐकत होता. म्हैस म्हणजे सिनेमा का? म्हशीला धरून कोणी पुढे गोष्टीवर आलं तर? टपरीवाला ग्लास मांडत होता. अजून चहा ओतायचा होता.

"शाळेचं दाखवलं ते," एक बाई म्हणाली, आणि भरतनं कान दिला, "ती आपली शाळा नायच गो. ती तुडीलची. आपल्याकडं रंग कुठं हाय तसा?"

"जेवायचं काय? मंडळानं सोय केलीय ना?"

"केलीय, केलीय. बिर्याणी."

"व्हेज की..."

टपरीवाल्यानं पातेलं उचललं. तेव्हा भरतनं इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट केली. तो वळला आणि जवळच्या माणसाला म्हणाला, "पिच्चर कसा वाटला?"

"एक नंबर!" तो माणूस म्हणाला. "बरं, टेम्पो परत किती वाजता सुटणार?"

चहा हातात आला.

मालोजी गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचला. "चल, इथंच बोलून टाक. पब्लिक हाय, हलगी हाय, बॅकग्राउंड हाय. यशा, मोबाईल काढ."

"मी घरी जाऊन करतो दादा. नेहमी घरीच करतो."

"आज नेहमीसारखं हाय काय?"

"काका थकलेत," यशराज मध्ये पडला. "मी सोडतो त्यांना."

मोटारसायकल त्यानं नगरपालिकेच्या वळणावर थांबवली. उतरला नाही, मागेही बघितलं नाही. म्हणाला, "काका, मॅनेजर तुमच्यावर थांबलाय. तुम्ही अडीच बोललात तर गुरुवारी उतरवणार."

भरत चमकला. आकडा त्यानं कोणालाच सांगितला नव्हता.

"अडीच कशावरून?"

"तुमचे व्हिडिओ पाठ हायत मला. एडिट करताना मी स्वतःच तुमच्या रीतीनं लावून बघितले. अडीच आणि पाचवा लोकांवर." त्यानं हँडलवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "टपरीवर मीपण उभा होतो. दुसऱ्या बाजूला."

"मग?"

"मग काय. तरी चार द्या. माझ्यासाठी नको, मंडळाच्या लोकांनी पैसे घातलेत त्यात. एकदा द्या. परत नाय मागणार."

"एकदाच देता येतात रे ते," भरत म्हणाला. "आज मी खोटे चार दिले की पुढल्या शुक्रवारी माझे खरे चार कोण घेईल? मॅनेजर माझ्यावर का थांबतो? खोटे दिले नाहीत म्हणूनच ना आजवर?"

यशराजनं किक मारली. घराखाली सोडताना म्हणाला, "चांगूचं बोला काका. काय झालं तरी. त्याला कोणी सांगितलं नाय अजून." आणि गेला.

वर त्याच्या बायकोनं, रेश्मानं, ओटीचे तांदूळ पाखडायला घेतले होते. भरतचा चेहरा बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"किती?"

"अजून बोललो नाय."

"मी तोंड बघून विचारतेय."

"अडीच."

"द्या की चार! कोण येणार हाय मोजायला? सरकार? इतकी वर्षं माझ्या भाजीला कधी साडेतीनच्या वर नाय गेलात, तरी जेवताय ना? मग त्यांना चार देऊन तुमचं काय जातंय?"

"भाजीचं बॅनर लावलं कुणी?"

"विनोद नको. वर डोंगरात आत्याबाई नातीच्या मांडवाची वाट बघतायत. भांडी, पाणी, माणसं, सगळं त्या मालोजीच्या तोंडातून निघतं. तुमचा दीड तारा घेऊन मी चूल पेटवू काय?"

तिचा हिशोब बरोबर होता. त्याचाही बरोबर होता. दोन बरोबर हिशोब एकाच घरात आले की भांडण होत नाही, शांतता होते.

अक्षदा फोन घेऊन गॅलरीत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. खुर्ची सारखी केली, बाबांची कॉलर नीट केली. "घ्यायचं?"

भरत बोलला. गोष्टीचं बोलला, बाजाचं बोलला, नायकाच्या बोलण्याचं बोलला. चांगूच्या काठीबद्दल सगळ्यांत जास्त बोलला. बॅनरवर छापलेले तारे आपले नाहीत, हेही सांगितलं, कोणाचं नाव न घेता. शेवटी म्हणाला, "सातविणीखाली, अडीच तारे."

अक्षदानं फोन खाली केला नाही. "बाबा, शेवटी खालून स्कूटर गेली. आवाज आला नाय. तेवढा आकडा परत बोला."

भरतला गॅलरीतून खालचा रस्ता दिसत होता. स्कूटर गेली नव्हती. दाराआड रेश्माचं सूप थांबलं होतं. अक्षदा फोनच्या वरून त्याच्याकडे बघत होती, आग्रह नाही, राग नाही. फक्त दार उघडून धरावं तशी उभी होती.

"अडीच," तो म्हणाला.

"आता आला," अक्षदा म्हणाली. तिनं अंगठ्यानं दाबलं, चक्र फिरू दिलं, आणि ते थांबल्यावर सांगितलं, "गेला."

कोणी वाळीत टाकलं नाही. तसलं बोलणंसुद्धा आता गुन्हा आहे आणि मालोजीला कायदा चांगला माहीत. त्यानं स्वतः फोन केला.

"भरत, आमची कुणाची ना नाय हां. तू घरचा माणूस. पण भांडी कल्हईला टाकलीत रे, नेमकी आत्ताच. आणि पोरांची क्रिकेटची टुर्नामेंट लागली सवला, तुझ्या व्याह्याच्याच गावात. येताना त्यांनाच घेऊन येईल वरात, काय?" हसला. "बाया देवीला चालल्यात. मंडळानं बस केलीय. कवापासून राहिलं होतं."

"हळदीच्या दिवशी?"

"बस त्याच दिवशी मिळाली."

भरतनं धडपड केली. महाडचा केटरर डोंगरावर यायला तयार झाला. पाण्याला टँकर मिळाला, तो चढावर दोनदा बंद पडला पण पोचला. मांडव डेपोतल्या मेकॅनिक मंडळींनी घातला. त्यांना वासे बांधायची सवय नव्हती, पण नट आवळायची होती, त्यामुळे मांडव जरा वाकडा आणि अतिशय पक्का झाला. चांगू तिन्हीसांजेला गुरं घेऊन जाताना अंगणाच्या कडेला थांबला.

"मला पुरा एक दिलास म्हणत्यात."

"दिला."

"बरं." त्यानं आत मांडवाकडे बघितलं, वाडीकडे बघितलं. "मला ह्याच वाडीत ऱ्हायचंय रे भरत." आणि गुरांच्या मागे गेला.

राहीबाईनं लेकाला चुलीपाशी बोलावलं. "काय मागत व्हते ते तुझ्याकडं?"

"चार."

"नि तू किती दिलंस?"

"अडीच."

म्हातारीनं बोटं दुमडली, उघडली. "माल तेवढाच व्हता?"

"तेवढाच होता, आये."

"मंग जास्ती कुठनं देशील?" ती म्हणाली आणि लाकूड आत सारलं. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

हळदीच्या सकाळी देवीची बस हॉर्न वाजवत वाडीबाहेर पडली. ज्या घरांच्या बाया गेल्या नव्हत्या, त्यांची दारं लोटलेली होती. मांडवात पाटावर अक्षदा, समोर वाटीत हळद. सवचे पाहुणे दुपारी यायचे होते. केटररची माणसं मागे कांदे चिरत होती.

सगळ्याला पर्याय निघाला होता, एका गोष्टीला सोडून. हळद लागते ती गाण्यांवर. एकीनं ओळ सांगायची, बाकीच्यांनी झेलायची. मग पुढची ओळ. वाडीतल्या साऱ्या पोरींच्या हळदीला ओळ सांगायला राहीबाई बसलेली होती. झेलायला वाडी असायची. रेश्मा माहेरची तुडीलची, नदीकाठची. तिला ही डोंगरातली गाणी येत नव्हती, शिकायची कधी गरजच पडली नव्हती. नवरीनं स्वतःच्या हळदीचं गाणं म्हणायचं नसतं. केटररकडे असलं काही मिळत नाही.

"राहू दे आये," भरत म्हणाला. "फोनवर लावतो एखादं."

"फोन ठेव तुझा," राहीबाई म्हणाली आणि मांडी घालून पाटाशेजारी बसली.

ताळेबंद असा. सिनेमा गुरुवारी उतरला. मॅनेजर नंतर भरतला म्हणाला, चार दिले असतेस तरी गुरुवारीच उतरवला असता, खुर्च्याच रिकाम्या होत्या. यशराज लग्नाला आला नाही, त्यानं मुंबईहून अक्षदाला साडी पाठवली. मंडळाचं गेलं ते मंडळानं पुढच्या वर्षीच्या वर्गणीत लावलं. मालोजीचं काही गेलं नाही. भरतचे बघणारे वाढले. बॅनरला नाही म्हणणारा माणूस म्हणून तो चिपळूणपर्यंत माहीत झाला. अक्षदा सासरी सुखात आहे.

त्या सकाळी मात्र राहीबाईनं पहिली ओळ म्हटली. आवाज चिरका होता, पण सूर धरून होता. ओळ संपली तशी ती थांबली, बाया झेलतात तितका वेळ. मागे सुरी फळीवर वाजत होती. मग तीच ओळ तिनं जरा खालच्या आवाजात स्वतःच झेलली, आणि दुसरी सांगितली. पुन्हा थांबली. पुन्हा झेलली. अक्षदाच्या दोन्ही गालांना हळद लागेपर्यंत, एकही ओळ न गाळता, म्हातारी दोन्ही बाजूंनी गात राहिली. अडीच ताऱ्यांचं सगळं देणं तिनं तिथं बसून फेडलं. सिनेमा तिनं जन्मात एकही पाहिला नव्हता.